हिरव्या गाडीची बालवाडी

"तू रडकी आहेस का गं?"

मुलुंडला ज्यांच्या मागच्या खोलीत मी पुढे काही वर्षं भाड्याने राहिले, त्या काकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते, साताऱ्याहून एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आले होते, आणि खरं सांगायचं तर कल्याण सोडल्यापासून आतल्या आत रडतच होते. पण अशा प्रश्नाला हो कोण म्हणेल? मी मान हलवून नाही म्हटलं. काकूंनी कमरेच्या पिशवीतून एक रबरी शिक्का काढला, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली, माझा हात ओढला आणि पालथ्या बाजूवर एक जांभळी चांदणी उमटवली.

"शाब्बास. पहिल्या दिवशी जो रडत नाही, त्याला चांदणी."

बाईच्या डोक्यात काहीतरी फरक आहे, असं माझं तेव्हा मत झालं. ते मत मी पुढे बदललं नाही. फक्त असा फरक आणखी चार जणांच्या डोक्यात असता तर बरं झालं असतं, एवढी त्यात भर पडली.

काकू पुढच्या खोलीत बालवाडी चालवत. सकाळी आठला गल्लीतली सगळी शेंबडी नाकं त्यांच्याकडे जमा व्हायची आणि अकरापर्यंत घराचं छप्पर उडायचं बाकी राहायचं. वीस-बावीस वर्षं हेच केल्यामुळे काकूंना माणसांशी बोलायची दुसरी पद्धतच उरली नव्हती. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या दांडगट माणसाला त्या म्हणत, "हळू हं बाळा, पायावर पडेल." रेशन कार्यालयातला कारकून आवाज चढवायला लागला की तोंडावर बोट ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत बसत. तो गप्प व्हायचाच. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, त्यामुळे फारच संतापल्या तर मालवणीत शिरायच्या, पण तशी वेळ माणसांमुळे क्वचित यायची. ती यायची गाडीमुळे.

गाडी घराच्या पडवीत उभी असायची. दोन सीटची, उघडी, बसकी, विलायती. काकूंचा भाऊ घाटकोपरला एका गॅरेजात होता. कुठल्याशा साहेबाने मोडलेली गाडी तिथेच टाकून देश सोडला, ती भावाने हळूहळू उभी केली आणि एका भाऊबीजेला बहिणीच्या ताटात तिची किल्ली टाकली. "लोकांचे भाऊ साडी घालतात," काकू सांगायच्या, "माझ्या भावाने बघ काय घातलं. नेसून मिरवता पण येत नाही." पण मिरवायच्या त्या भरपूर. घराची दारं, गजांच्या खिडक्या आणि गाडी, तिन्हींना एकाच डब्यातला हिरवा तेलरंग लावला होता. त्यामुळे गाडी लांबून बघितली की घरातून एखादं दार निसटून रस्त्याला लागलंय असं वाटायचं.

आता या घरातला दुसरा प्राणी, काका. औषधांच्या कंपनीत हिशेब बघून निवृत्त झालेले, अंगाने चांगले भारदस्त, पण आवाज इतका मऊ की समोरच्याला कान पुढे करावा लागे. बालवाडी भरली की ते पेपर, थर्मास आणि चष्म्याचं घर घेऊन पडवीत जायचे आणि गाडीचं डावं दार उघडून आत बसायचे. अख्ख्या घरात शांतता मिळण्याची तेवढी एकच जागा होती. पोरं घरी गेली तरी काका उठत नसत. शब्दकोडं सुटायचं राहिलेलं असे. जेवायची हाक आली की उतरायचे, वामकुक्षी झाली की पुन्हा जाऊन बसायचे. पोस्टमन पत्रं थेट गाडीत द्यायचा.

उभ्या गाडीत बसणारे हे काका चालत्या गाडीत मात्र कधीही बसले नव्हते. बस चालायची, कारण ती मुळातच हळू जाते असं त्यांचं म्हणणं. मोटारीचं नाव काढलं की हात जोडायचे. लग्नाच्या वरातीतसुद्धा सजवलेली मोटार मोकळी पुढे धाडून नवरदेव मागून चालत आले होते. "उभी गाडी चांगली," ते मला एकदा म्हणाले. "कुठे जात नाही, म्हणून कुठे आपटत नाही."

दर रविवारी संध्याकाळी काकू गाडी बाहेर काढायच्या, इंजीन सुरू ठेवून विचारायच्या, "येताय का हो? नाक्यापर्यंत."

"तू ये जाऊन."

एवढंच. आग्रह नाही, रुसवा नाही. पण एकदा बाजारातून येताना मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन मी त्या डाव्या सीटवर बसले होते, तेव्हा काकू समोर बघत म्हणाल्या, "दोन सीटची गाडी आहे गं. ह्या सीटवर आजपर्यंत कांदे बसले, बटाटे बसले, तू बसलीस. ज्यांनी बसायचं ते काय बसत नाहीत." काकूंना वाईट वाटताना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, आणि मला काकांचा मनापासून राग आला.

पण हे सगळं मी का सांगतेय, तर त्या धावपट्टीसाठी.

कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळातली एक ओसाड धावपट्टी होती. वर्षातून एकदा, थंडीत, एक मोटार क्लब तिथे रिकामी पिंपं मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि हौशी मंडळी आपापल्या गाड्या त्यावर पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. ज्याने त्याने आपली गाडी आपल्या जिवावर पळवून बघायची. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी काकू तिथे नऊवारी नेसून, कासोटा घट्ट खोचून गेल्या होत्या आणि पहिल्याच वळणावर गाडी होडीसारखी एका अंगावर कलंडून, पिंपं तुडवत, थेट क्लबच्या चहाच्या टेबलावर गेली होती. माणूस कुणी तिथे नव्हतं हे नशीब. चहाचं पातेलं मात्र सेक्रेटरीच्या पांढऱ्या बुटांवर सांडलं.

सेक्रेटरी तरुण होता, काळा चष्मा लावायचा आणि सभ्य होता. तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या खेपेला एकच चान्स. माझ्यासमोर तीन राउंड मारायचे. एक पण पिंप पडलं, तर ही गाडी परत इथे आणायची नाही."

हे ऐकवताना काकूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "वीस वर्षं मी पोरांना पहिलीत धाडतेय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी ती पुढे जातात आणि मी आपली बालवाडीतच. एकदा तरी मला कुणी पास म्हणायला पाहिजे गं!"

तर मग पुढल्या थंडीपर्यंत ती गाडी आणि तिची चाकं यांच्यामध्ये जे काही असतं, ते सगळं सुधारायचं, असं काकूंनी ठरवलं. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण त्या वर्षात डोळ्यांसमोर इतकं घडलं की आजही रस्त्यात एखादी मोटार वळताना कलली, तर तिच्या स्प्रिंगांबद्दल माझं काहीतरी मत असतं.

मागच्या चाकांवर कमानी असतात, म्हणजे लोखंडी पाट्यांची चळत. त्या लेच्यापेच्या झाल्या होत्या. काकूंनी त्या काढून भांडुपच्या कमानवाल्याकडे नेल्या. रिक्षातून, मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळून. कमानवाल्याला वाटलं बाई टेम्पोवाल्याची असेल. तो म्हणाला, "माल किती भरता?"

"माल नाही रे बाळा. मी एकटीच. जोरात वळायचंय."

त्याने आणि काकूंनी तासभर भांडून एक पाटा वाढवला. पुढच्या स्प्रिंगांचा अर्धा वेढा कापला, म्हणजे गाडी आणखी खाली बसली आणि मांजर तिच्याखाली झोपायची बंद झाली. ओळखीने चारकोपच्या एका लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश, म्हणजे सांध्यांत बसवायच्या छोट्या नळ्या, करून आणले. जुने रबराचे बुश इतके झिजले होते की काकूंनी ते पोरांना मातीत ठसे उमटवायला देऊन टाकले.

शॉकअपची गोष्ट आणखी मजेची. त्यात तेल असतं आणि ते जितकं दाट तितकी गाडी कमी उसळते, एवढं भावाने शिकवलं होतं. पण कुठलं तेल किती दाट हे कसं कळायचं? काकूंनी बालवाडीतले काचेचे ग्लास ओळीने मांडले, प्रत्येकात वेगळं तेल ओतलं आणि पोरांना एकेक गोटी दिली. सगळ्यांनी एकदम गोटी सोडायची आणि आपली गोटी तळाला पोचली की टाळी वाजवायची. शेंगदाण्याच्या तेलाची टाळी पहिली वाजली. ग्रीस कालवलेल्या तेलाची वाजेचना. तो पोरगा रडायला लागला. काकूंनी त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "रडतोस काय वेड्या, तूच तर जिंकलास." गाडीत तेच तेल पडलं.

हे सगळं चालू असताना काका कुठे होते? गाडीत होते. जॅक लावून गाडी एका बाजूने उचलली तरी काका तिरके बसून पेपर वाचायचे. "अहो, जरा उठता का?" असं काकूंनी पहिल्या दोन-चार वेळा विचारलं असेल. मग सोडून दिलं. खालून काकूंचा आवाज यायचा, "ये बाळा, ये, असा सरळ ये, हट्ट नाही करायचा." हा नटाशी संवाद. मग खाडकन आवाज, आणि लगेच, "मेल्या, खंय पडलंस?" आणि वरून काका शांतपणे, "तीन अक्षरी, समुद्रातला प्राणी." "कासव!" खालून उत्तर.

शेवटचं काम होतं वजनाचं. गाडीचा भार चारी चाकांवर नीट वाटला गेला पाहिजे, एक कोपरा जड आणि एक हलका असा राहता कामा नये, असं भाऊ सांगून गेला होता. त्यासाठी चार काटे हवेत. काकूंनी गल्ली पालथी घातली. एक काटा रेशन दुकानातला, एक पिठाच्या गिरणीतला, एक लाकडाच्या वखारीतला आणि एक रद्दीवाल्याचा. रविवारी सकाळी चौघे मालक आपापल्या काट्याबरोबर हजर, कारण काट्यावर त्यांचा जीव. गाडी फळ्यांवरून ढकलून काट्यांवर चढवली. काकूंना आकडे बघायचे होते, म्हणून सुकाणूवर मला बसवलं आणि मी पडले चिपाड, तेव्हा काकूंच्या वजनाइतकं व्हावं म्हणून माझ्या मांडीवर तांदळाची गोण दिली. मग नुसता गोंधळ. गिरणीवाला म्हणे माझा काटा खरा, वखारवाला म्हणे तुझा काटा आयुष्यात कधी खरा नव्हता. काकू पट्ट्या सारत, वॉशर घालत, पुन्हा बघत. दुपारी सगळे काटे त्यांच्या मनासारखे झाले, तेव्हा पडवीत टाळ्या पडल्या आणि चौघा मालकांच्या हातांवर चांदण्या उमटल्या. रद्दीवाल्याने तर दुसराही हात पुढे केला.

धावपट्टीच्या दिवशी आम्ही दोघी पहाटे निघालो. माझ्या पायाशी पाने, जॅक आणि हत्यारांची जड पेटी, मांडीवर डबे. गाडी अशी चालली की मला झोप लागली. वळणावर कलायची नाही, खड्ड्यात आपटायची नाही. काकू आनंदाने शिट्टी वाजवत होत्या आणि बाईने शिट्टी वाजवू नये असं मला माहेरी शिकवलं होतं, तरी मीही वाजवली. काका पहिल्या एस.टी.ने निघाले होते. थांब्यापासून चालत येऊन, घडीची खुर्ची मांडून, आमच्या आधीच पेपर उघडून बसलेले.

"सरावाची एक फेरी मारून घ्या मॅडम," सेक्रेटरी म्हणाला. त्याने या वेळी काळे बूट घातले होते आणि चहाचं टेबल पार कुंपणापाशी नेऊन ठेवलं होतं.

हत्यारं, डबे, मी, सगळं खाली उतरलं. मोकळं काही गाडीत ठेवायचं नाही असा नियमच होता. काकूंनी हेल्मेट घातलं आणि निघाल्या. सरळ रस्त्यावर छान गेल्या. डावं वळण आलं आणि मागचं डावं चाक चक्क हवेत उचललं गेलं. गाडी शेपटी झाडल्यासारखी फिरली. एक पिंप, दुसरं पिंप, तिसरं पिंप. तिथली बहुतेक सगळी वळणं डावीकडेच होती.

काकू परत आल्या. गाडीखाली शिरल्या. कमान बघितली, बुश बघितले, शॉकअप बघितले, सगळं जिथल्या तिथे. पुन्हा बाहेर आल्या आणि मातीतच बसून राहिल्या. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "येताना लोण्यासारखी आली गं," त्या म्हणाल्या. "आता काय झालं हिला? काय चुकलं माझं?" वर्षभराची मेहनत आणि अर्ध्या तासाने परीक्षा. क्लबची मंडळी लांबून बघत होती, आणि एकदोघे हसत होते. त्यांची मुंडकी पिरगाळावीत असं मला वाटलं.

काकांनी पेपर खाली केला. गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या मऊ आवाजात म्हणाले, "मी नाहीये ना तिच्यात."

आम्हाला दोघींना आधी कळलंच नाही.

"काट्यांवर चढवली तेव्हा मी आत होतो," काका म्हणाले. "तू उतर म्हणाली नाहीस. येताना ही होती आणि हत्यारं होती, म्हणजे माझ्याइतकंच वजन झालं. आता डावी बाजू रिकामी आहे."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर तो माणूस त्या सीटवर असा बसून होता की सीटचाच भाग झाला होता. गल्लीतले काटे आणले, आकडे घोकले, वॉशर बदलले, आणि पाऊणशेच्या वर वजनाचा स्वतःचा नवरा कुणाच्या ध्यानातच आला नाही! मी हसायला लागले, मग काकू हसायला लागल्या. पण हसता हसता काकूंचा चेहरा पुन्हा उतरला, कारण ते सगळं पुन्हा मोजायला आता ना काटे होते ना वेळ.

"मी बसते," मी म्हटलं.

"तू कुठे पुरतेस बाय माझ्या, तू चिमूटभर."

सेक्रेटरीला विचारलं, पोतं ठेवू का? तो म्हणाला, मोकळं वजन चालणार नाही. पट्टा बांधून माणूस बसला तर हरकत नाही.

काकूंनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम गाडीच्या चाकाला हात लावून बसल्या, जणू चाकात काही बघायचं राहिलंय. एवढ्या वर्षांत एकदाही आग्रह केला नव्हता, तो त्या दिवशीही केला नाही. मला वाटतं, एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी काका हात जोडून मोकळे झाले असते.

काकांनी पेपरची घडी घातली. चष्मा घरात ठेवला, घर खिशात ठेवलं. खुर्ची मिटून माझ्या हातात दिली. मग रोज सकाळी जात तसे, त्याच चालीने गाडीपाशी गेले, डावं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसले.

"हेल्मेट आहे का एखादं?" त्यांनी विचारलं.

ज्या बाईने रेशन कार्यालय गप्प केलं होतं, तिला स्वतःच्या नवऱ्याच्या हनुवटीखाली पट्टा बांधताना दोनदा बांधावा लागला.

पहिली फेरी. डावं वळण आलं, मी डोळ्यांवर खुर्ची धरली आणि फटीतून बघितलं. चारी चाकं जमिनीला चिकटलेली. गाडी रुळावरून गेल्यासारखी वळली. काकांचे डोळे गच्च मिटलेले, पेपर छातीशी धरलेला आणि ओठ हलत होते. आमच्यासमोरून गेले तेव्हा वाऱ्यावर ऐकू आलं, एकोणतीसचा पाढा म्हणत होते, चढ्या आवाजात! दुसरी फेरी त्याहून जोरात. पाढा सव्वीसचा. हसणारे आता हसत नव्हते, पिंपांच्या जवळ सरकून बघत होते. तिसऱ्या फेरीला काकूंनी गाडी अशी काही सोडली की सेक्रेटरीने काळा चष्मा कपाळावर चढवला. शेवटच्या वळणावर मी नीट बघितलं. पाढा बंद होता, एक डोळा उघडा होता आणि पेपर हातात नव्हता. तो उडून पार मागे धावपट्टीवर फडफडत होता आणि काकांना त्याची शुद्ध नव्हती. ते चक्क हसत होते.

एकही पिंप पडलं नाही.

सेक्रेटरी धावत आला. "पास, मॅडम! फर्स्ट क्लास पास!" मग गाडीकडे बघून म्हणाला, "फक्त एक आहे, पुढच्या वर्षी पण ह्यांना आणावं लागेल."

काकूंनी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, कपाळावर ग्रीस, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांत शेकडो पोरांना रडू नको म्हणालेली बाई धावपट्टीच्या मधोमध भोकाड पसरून रडत होती आणि पुसत काही नव्हती. खरं सांगायचं तर मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

काका हळूहळू उतरले. गाडीच्या दाराला धरून जरा उभे राहिले. मग पलीकडे वळून काकूंपाशी गेले. हात पालथा करून फक्त पुढे धरला.

काकूंना कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी घाईघाईने कमरेची पिशवी चाचपली, शिक्का काढला, पण रडण्यामुळे त्याच्यावर नीट वाफ सोडता येईना. तेव्हा काकांनीच वाकून त्याच्यावर फुंकर घातली.

"मी रडलो नाही," ते म्हणाले.

परतीला एस.टी.ने मी आले. मांडीवर हत्यारांची पेटी, काखेत घडीची खुर्ची आणि धावपट्टीवरून गोळा केलेला काकांचा पेपर. हिरवी गाडी आमच्या बसला मागे टाकून पुढे गेली तेव्हा डाव्या सीटवरच्या माणसाने माझ्याकडे बघून हात हलवला. जांभळी चांदणी मला खिडकीतून स्पष्ट दिसली.